सारवू नका साहेब

जीपमधून उतरताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. कोण गेलं, कसं गेलं, कुणावर संशय आहे, हे सगळं मागाहून. एक पाय अजून जीपमध्येच असायचा आणि ते पोलीस पाटलाला विचारायचे, "सारवलं का?"

पाटील "न्हाई साहेब" म्हणाला की दुसरा पाय खाली यायचा. "हाव साहेब, बायांनी सारवून घेतलं" असं म्हणाला तर ते थोडा वेळ तसेच थांबायचे, टोपी काढून कपाळ पुसायचे आणि मागे वळून मला म्हणायचे, "चला फोटोवाले. काय उरलंय ते बघू."

फोटोवाला म्हणजे मी. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, फॉर्मला लावायचे फोटो यांवर माझं बरं चाललं होतं. जिल्हा नवा झाला तशा सगळ्या कचेऱ्या नव्याने सुरू झाल्या, कुणाच्या माडीवर, कुणाच्या गोदामात. पोलिसांच्या फोटोग्राफरची वाट बघत बसण्यापेक्षा हवालदाराने सायकल काढायची आणि मला उचलून न्यायचं, अशी सोय लागली. मला रक्त बघवत नाही हे कुणी विचारलंच नाही. पहिल्या दोन वेळी मी फोटो काढून बाहेर आलो आणि कुंपणापाशी जाऊन ओकलो. तिसऱ्या वेळी या फौजदार साहेबांनी खिशातून लवंग काढून माझ्या हातावर ठेवली. "दाढंत धरा. मी बी धरतो."

मयत उचललं की ती जागा शेणाने सारवायची, ही आपल्याकडची रीत तुम्हीही पाहिली असेल. त्याशिवाय घरात चूल पेटत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाईला दुःखात दुसरं काही सुचलं नाही तरी हे सुचतं. साहेबांचा जीव मात्र त्या शेणाच्या पाटीत अडकलेला असायचा. एकदा का सारवलं की मातीत मुरलेलं रक्त, पडलेला केस, तुटलेलं बटण, सगळं एकजीव झालं. म्हणून त्यांनी हद्दीतल्या प्रत्येक पोलीस पाटलाला बजावून ठेवलं होतं, की मला निरोप नंतर द्या, आधी त्या घरी जाऊन सांगा, सारवू नका. होता होता त्यांचं नावच पडलं, सारवू नका साहेब. पोरंटोरं जीप दिसली की ओरडायची. त्यांना राग येत नसे.

बायांवर ते कधी खेकसले नाहीत. एका घरी म्हातारी शेणाची पाटी घेऊन उंबऱ्यातच बसली होती, कुणाचं ऐकेना. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "माय, जरा दम धरा. तुमच्या लेकराचं एवढं चमचाभर रगत मला पायजे. मग तुमची जमीन तुम्हाला."

म्हातारी बाजूला सरकली. साहेबांनी चाकूच्या पात्याने माती खरवडून कागदावर घेतली, पुडी बांधली. मग दुसऱ्या कोपऱ्यातली स्वच्छ माती खरवडली आणि तिची वेगळी पुडी बांधली.

"ती कशाला, साहेब?" मी विचारलं.

"नुसती माती कशी हाय ते तपासणाऱ्याला दिसलं पायजे की. न्हाई तर मातीचं काय अन् रगताचं काय, त्यांनी कसं वळखावं?"

काम झालं की ते स्वतः म्हणायचे, "आता सारवा, माय. माझं झालं." आणि बाहेर जाऊन पायात बूट घालायचे. मयताच्या घरी फौजदार बूट काढून आत जातो, म्हणून गावोगाव त्यांचं कौतुक होतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "कसलं कौतुक. बुटाला रस्त्यानं काय काय लागलेलं असतंय. ते आत नेऊन टाकू का?"

औश्याच्या बाजूच्या एका गावात तर गंमतच झाली. नव्वदीचे एक आजोबा जेवण करून झोपले ते उठलेच नाहीत. पाटील नवा होता आणि घाबरट होता. त्याने घरच्यांना दम भरला की साहेब आल्याशिवाय सारवायचं नाही. आजोबांना पोचवून सगळे परत आले, तरी सुना पाटी भरून बसलेल्या. शेवटी साहेबांना निरोप गेला. दुसरा कुणी असता तर पाटलाची खरडपट्टी काढली असती. हे गेले, ओसरीवर टेकले, आजोबांचं वय विचारलं, शेवटी काय खाल्लं ते विचारलं. ज्वारीची भाकरी आणि दह्याची कढी, असं सांगितल्यावर मान डोलावून म्हणाले, "चांगलं मरण हाय. सारवा."

आमचं ठाणंही तेव्हा भाड्याच्याच घरात होतं. मालकाचं माजघर म्हणजे साहेबांची खोली, कोठीत मुद्देमाल. त्या वर्षी पावसाने असा दगा दिला की लातूरचे नळ नावालाच राहिले. टँकर आला की अर्धी गल्ली घागरी घेऊन धावायची. ठाण्यातली न्हाणी कोरडी पडली आणि साहेबांना हवी तशी खोली मिळाली. ऊन नाही, वर झरोका, वारा खेळता. त्यांनी तिथे दोऱ्या बांधल्या, खाली खाकी कागद अंथरला आणि दाराला कुलूप लावलं. जप्त केलेले ओले कपडे तिथे वाळायचे. एक कपडा दुसऱ्याला लागता कामा नये. मारणाऱ्याचे आणि मरणाऱ्याचे कपडे तर एका दिवशी एका खोलीतसुद्धा नाहीत.

एका नव्या शिपायाने रक्ताची गोधडी अंगणात चांगल्या उन्हात घातली. त्याच्या हिशेबाने त्याने काम लवकर उरकलं होतं. साहेब बाहेर आले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"उचल ती. कुरडया हाईत का? उन्हानं रगत मरतंय."

"साहेब, ओली ठिवली तरी कुजतीया, उन्हात घातली तरी मरतंय म्हणता. मग करावं काय माणसानं?"

"सावलीत वाळवावं अन् दम धरावा. दुसरं काय."

प्लॅस्टिकच्या पिशव्यांशी तर त्यांचा उभा दावा होता. त्या तेव्हा बाजारात नुकत्या दिसू लागल्या होत्या आणि लोक कौतुकाने धुऊन धुऊन वापरत. साहेब मंडईत गेले आणि बागवानाने मेथीची जुडी पिशवीत घातली, तर ते ती बाहेर काढून रुमालात बांधायचे. "सडल ना ते, बाबा. घाम सुटतोय आत." वहिनी माझ्याजवळ तक्रार करायच्या की यांनी आणलेली हळदीची पुडी सोडायला अर्धा तास लागतो, टोकं आत घालून अशी बांधतात जणू उद्या कोर्टात दाखवायचीय. एकदा जिऱ्याच्या पुडीवर "नग एक" असं लिहिलेलंही त्यांना सापडलं होतं. साहेब म्हणाले, हात चालून गेला.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. उदगीरहून आम्ही एसटीने परत येत होतो, जीप बिघडली होती. ते मूळचे नांदेडकडचे, सुरुवातीची नोकरी मुखेडला. तिथे एका बाईला नवऱ्याने मारलं होतं. तिचं रक्ताने भिजलेलं लुगडं यांनी जप्त केलं आणि सांडू नये, धूळ लागू नये म्हणून युरियाच्या नव्या कोऱ्या पोत्यात घालून, आतलं प्लॅस्टिक घट्ट बांधून, लाखेचं सील ठोकून ठेवलं. मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायला माणूस मोकळा होईपर्यंत ते पोतं तसंच राहिलं. तिकडे उघडलं तेव्हा लुगडं कुजलं होतं. रक्त कुणाचं हे सांगता येत नाही, असा कागद आला. नवरा सुटला.

"लई काळजी घेतली होती मी," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जेवढी काळजी घेतली तेवढं कुजलं."

"मग?"

"मग काय. तिची माय मुखेडच्या बाजारात कांदे विकायची. मला बघितलं की पदर पुढं ओढून खाली बघायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कांदे तिच्याकडूनच घ्यायचो. तिनं कधी जास्तीचा एक टाकला न्हाई, कधी कमी दिला न्हाई."



तपासाचं काय होणार, असं कुणी विचारलं, मग तो वरचा अधिकारी असो की मयताचा भाऊ, तर त्यांचं उत्तर एकच असे. "मला काय मालूम? मी फकत वाळवतो." कुणाचं रक्त निघावं अशी इच्छा धरायची नाही, असा त्यांचा नेम होता. इच्छा धरली की हात तिकडे झुकतो, म्हणायचे. मला हे जरा कोरडं वाटायचं. एवढी माणसं रडताना बघायची आणि काही वाटून घ्यायचं नाही, हे कसं जमतं?

आता साहेब नाहीत. निवृत्तीनंतर ते नांदेडला राहिले आणि तिथेच गेले. वहिनींनी भिंतीवर लावायला फोटो मागवला, तेव्हा मी सगळ्या निगेटिव्ह उलटून पाहिल्या. इतकी वर्षं बरोबर हिंडलो आणि त्यांचा एक धड फोटो माझ्याकडे नाही. डागाशेजारी मोजपट्टी धरलेला त्यांचा हात तेवढा जागोजाग आहे. फोटोच्या चौकटीत माणूस आला की ते बाहेर काढायचे, स्वतःलासुद्धा.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते पुरते कळायचे नाहीत.

उदगीरच्या पलीकडच्या एका गावात भुसार मालाच्या दुकानातल्या एका भागीदाराचा शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापाशी, खून झाला. कुऱ्हाडीचे घाव होते. दुसरा भागीदार तिशीच्या आतला पोरगा. आदल्या दिवशीच दोघांची भर बाजारात कडाक्याची भांडणं झाली होती, सगळ्या गावाने ऐकली होती. पोराच्या घराची झडती घेतली तेव्हा कणगीच्या मागे रक्ताने माखलेला सदरा सापडला. आईने धुवायला म्हणून ठेवला होता, पण टँकर आला नव्हता. दुष्काळाने तो सदरा राखला म्हणायचा. गाव म्हणालं, झालं, सापडला. पोराला विचारलं तर तो एवढंच म्हणे, "सदरा माझाच हाय. रगताचं मला मालूम न्हाई."

सदरा घामाने दमट होता, घडी करून कोंबलेला, वास सुटू लागलेला. साहेबांनी त्याचा वास घेतला आणि त्यांना मुखेडचं लुगडं आठवलं असणार, कारण त्यांनी जेवणसुद्धा केलं नाही, तसेच लातूरला आले. न्हाणीत सदरा पसरला. मला जवळून फोटो घ्यायला लावले. भिंगातून मला डागात चिकटलेले आखूड, राठ, तांबूस केस दिसले. माणसाचे नव्हते, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं.

"साहेब, हे तर..."

"फोटो काढा."

त्यांनी चिमट्याने एकेक केस उचलून कागदाच्या घडीत ठेवला. हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

पोरगं कोठडीत शेवटी त्यांच्यापाशी बोललं. खुनाच्या दिवशी ते मित्रांबरोबर एका मळ्यात होतं. बोकड कापला होता. त्यानेच धरला होता, म्हणून सदरा भरला. एवढंच सांगायचं होतं, पण पोराचं घर लिंगायत, तेही कडक. वडील गावच्या मठातले जुने मानकरी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. पाऊस पडावा म्हणून त्यांनी एकभुक्त राहायचा नेम धरला होता. आणि दिवस होता श्रावणातला सोमवार.

"आप्पाला कळलं तर ते जीव देतील, साहेब," पोरगं म्हणालं. "त्यापरीस मला टांगा."

"तुझ्या बापाला माझ्या तोंडून कळणार न्हाई," साहेब म्हणाले. "पर तू म्हणतोस म्हणून बोकड होत न्हाई. कागद येऊ दे."

मित्रांना बोलावलं. खुनाच्या भानगडीत नाव नको म्हणून एकूण एक मित्राने कानावर हात ठेवले. कसला बोकड, कसला मळा. पुढे गावाबाहेरच्या कोरड्या पडलेल्या विहिरीत तळाला कुऱ्हाड दिसली, दांड्याच्या खाचेत रक्त तसंच. कुऱ्हाड मयताच्या चुलतभावाची निघाली. बांधावरून त्यांचं जुनं वैर होतं. पण तो म्हणाला, हे पोरगंच माझ्याकडून कुऱ्हाड मागून घेऊन गेलं. म्हणजे घोडं परत त्या सदऱ्यापाशीच अडलं. त्यावरचं रक्त माणसाचं निघालं तर पोरगं गेलं. कुजलं असेल, सांगता येत नाही असा कागद आला, तरी गावाच्या साक्षीवर पोरगं गेलंच.

सदरा आणि कुऱ्हाड वेगवेगळ्या गाठोड्यांत, वेगवेगळ्या सीलने मुंबईला गेली. साहेबांनी शिपायाला बसमध्ये खिडकीची जागा मिळवून दिली आणि गाठोडी इंजिनापासून लांब ठेव म्हणून दोनदा सांगितलं.

मग वाट बघणं आलं. पोराचे वडील आठवड्याच्या आठवड्याला गावाहून ठाण्यात येत. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. लिंबाखाली बसत आणि साहेब दिसले की उठून उभे राहत.

"आला का, साहेब?"

"न्हाई, आप्पा. बेजार होऊ नका. येईल."

वर्दीतला माणूस म्हाताऱ्याला आप्पा म्हणतो, याचं मला बरं वाटायचं. म्हाताऱ्याने यापेक्षा जास्त कधी काही विचारलं नाही. वरून मात्र साहेबांना सारखी विचारणा होत होती, एवढा पुरावा असताना खोळंबा कशाचा म्हणून. साहेब म्हणायचे, कागद येऊ द्या. त्या दिवसांत ते न्हाणीत जाऊन रिकाम्या दोऱ्यांकडे बघत उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

कागद आला त्या दिवशी मी प्रिंट द्यायला ठाण्यात गेलो होतो आणि म्हातारा लिंबाखाली होता. साहेबांनी पाकीट उघडलं. कागद इंग्रजीत. त्यांनी तो दोनदा वाचला, मग म्हाताऱ्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं.

"आप्पा, कुऱ्हाडीवरचं रगत मयताच्या गटाचं हाय. सदऱ्यावरचं माणसाचंच न्हाई. तुमचं लेकरू सुटंल."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. साहेबांनी कागदाची घडी घालून तो घाईने टेबलाच्या खणात टाकला. एवढ्या घाईने कागद ठेवताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"माणसाचं न्हाई," म्हातारा म्हणाला. "मग कशाचं?"

"जनावराचं."

"कोणतं जनावर?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. "बैल असंल. शिंग मोडलं की लई रगत येतंय."

कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आणि त्यांना ती धड सांगताही येत नव्हती.

म्हाताऱ्याने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही चांगले हाव. पर बोकडाचं हाय का, तेवढं सांगा."

साहेबांचा हात खणाच्या मुठीवर गेला.

"सदरा कणगीमागून काढला तवा मी तिथंच हुभा होतो. वास मला आला होता. पर बापाचं मन, खात्री कशी धरावी? रोज लिंगपूजेला बसून राहिलो अन् तेच मागून राहिलो. महादेवा, सदऱ्यावर बोकडाचं निघू दे. सारा जन्म मांसाचं नाव घेतलं न्हाई, अन् देवापुढं बसून रोज बोकड मागितला. आता तुम्ही बैल म्हणता."

साहेबांनी खण उघडला. कागद काढून टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बोकडाचंच हाय, आप्पा. मी बी तेच मागत होतो."

म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. साहेबांचं बोट जिथे होतं तो शब्द त्याने नीट बघून घेतला. मग वाकून त्या शब्दावर कपाळ टेकवलं.

तो उठला तेव्हा कागदावर भस्माचे तीन पट्टे उमटले होते. मी ते झटकायला हात पुढे केला, तर साहेबांनी माझं मनगट धरलं. पुढच्या तारखेला तो कागद तसाच, भस्मासकट, कोर्टात गेला.